निवृत्तीनंतरची विजेची गाडी : एक उघडा जमाखर्च

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा काहीतरी लिहावे अशी आज्ञा केली, तेव्हा चौकशीअंती कळले की अध्यात्म, योगासने आणि विदेशपर्यटन हे निवृत्तीचे तिन्ही विषय माझ्याहून अधिकारी सहकाऱ्यांनी आधीच घेऊन टाकले आहेत. उरला तो पैसा. वैद्यकाने पैशाविषयी जाहीरपणे बोलू नये असा आपल्याकडे एक संकेत आहे आणि तो पाळल्यामुळेच आपल्यापैकी अनेकांचे उतारवयातील हिशेब चुकत आले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय गेल्या वर्षभरात बोथ, इचोडा आणि आदिलाबाद येथे भेटणारा प्रत्येक समव्यावसायिक मला एकच प्रश्न विचारीत आला : "डॉक्टरसाहेब, विजेची गाडी घेतलीत म्हणे, परवडते का?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला निराळे द्यावे लागते. ते का, हे एकदा कागदावर मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे बोथ बाहेरच्या वाचकाला नकाशावर शोधावे लागते. हैदराबाद-नागपूर महामार्ग सोडून थोडे आत यावे, पोचेरा धबधब्याचा रस्ता विचारावा, म्हणजे बोथ सापडते. पावसाळ्यात धबधब्यामुळे आम्हा सर्वांकडे पाहुण्यांची आवक वाढते. उन्हाळ्यात कोणी फिरकत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा या तालुक्यांबरोबर बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळही तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि बोथ आंध्र प्रदेशात राहिले. तालुक्याच्या त्या एका काटछाटीने आमचे सोयरेधायरे सीमेपलीकडे गेले. त्यामुळे दवाखान्यात तेलुगू, गोंडी, उर्दू आणि घरात मराठी, असा आमच्या पिढीचा व्यवहार झाला. गाडीची गोष्ट निघाली की किनवटच्या मेहुण्यांचा सल्ला एका राज्याच्या नियमांनी येतो आणि माझा हिशेब दुसऱ्या राज्याच्या नियमांनी चालतो. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

डॉक्टर आणि वाहन यांचे नाते जुने. आमच्या आधीच्या पिढीने बैलगाडीतून बाळंतपणे केली. आम्ही सायकल, मग राजदूत मोटारसायकल, मग मारुती असा प्रवास केला. मात्र विजेची मोटार ही डॉक्टरांच्या दारात नवी आलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बेकर, डेट्रॉइट इलेक्ट्रिक अशा नावांच्या विजेच्या मोटारी रस्त्यावर होत्या आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत शहरी डॉक्टर पुष्कळ होते. कारण साधे होते. पेट्रोलची मोटार हँडल मारून सुरू करावी लागे. उलटा फटका बसला तर मनगट मोडे. रात्रीच्या भेटीला निघालेल्या डॉक्टरला ते परवडणारे नव्हते. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरीत. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला, हँडल गेले आणि त्याबरोबर विजेच्या मोटारीचे एक मोठे आकर्षणही गेले. आपल्या देशात बंगळुरूच्या चेतन मैनी यांची रेवा २००१ साली आली. पण शिशाच्या बॅटरीवरची ती इवलीशी गाडी शहरातल्या शहरात फिरण्यापुरती होती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विजेवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली, तोही प्रयत्न त्याच सुमाराचा. टाटांची नेक्सॉन २०२० च्या जानेवारीत आणि छोटी टियागो २०२२ च्या सप्टेंबरात ८ लाख ४९ हजार या आरंभीच्या किमतीला विजेवर आली, तेव्हा कोठे आमच्यासारख्यांच्या आवाक्यात हा विषय आला.

माझ्या स्वतःच्या गाडीचे नाव मी येथे देत नाही. स्मरणिकेत जाहिरातींची पाने वेगळी आहेत आणि त्यांचे दर कोषाध्यक्षांनी ठरविलेले आहेत. २४ युनिटांची बॅटरी असलेली, पाच माणसांची छोटी गाडी, एवढे पुरे.

आता मूळ कारण. माझ्या पत्नीचे डायलिसिस २०२४ च्या पावसाळ्यात सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, आदिलाबादला. घरातून निघून, तेथील औषधांच्या दुकानापर्यंतचे फिरणे धरून परत येईतो मीटरवर १२० किलोमीटर होतात. वर्षाला १५६ फेऱ्या म्हणजे १८,७०० किलोमीटर. सहकाऱ्यांना हे सांगावयास नको की यातली एकही फेरी ऐच्छिक नाही. दोन दिवसांच्या लांब खंडानंतर मृत्यूचा आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचा धोका वाढतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत स्पष्ट दिसले होते. तो खंड आणखी एका दिवसाने वाढविण्याची मोकळीक आम्हांला नाही. बसने नेणे पहिले तीन आठवडे करून पाहिले. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेल्या माणसाने उभ्या उभ्या इचोड्यापर्यंत यावे, हे मला बघवेना. भाड्याची जीप महिन्याला जेवढे घेऊ लागली तेवढ्यात एका वैद्यकीय विद्यार्थ्याची खानावळ चालली असती. जुनी पेट्रोलची गाडी होती. तिची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली होती आणि तिचा क्लच माझ्या डाव्या गुडघ्याशी रोज भांडत होता. नवी गाडी घेणे भागच होते. प्रश्न एवढाच होता की कोणती, आणि कोणाच्या पैशाने.

सरकारी सेवेतील मित्रांना एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. दवाखान्याला कुलूप लावले त्या दिवशी शेवटची फी आली. त्यानंतर येते ते व्याज. मी व्यवसाय थांबविला तेव्हा, २०२० च्या फेब्रुवारीत, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्या वेळच्या कमाल मर्यादेइतके १५ लाख ठेवले होते. तेव्हाचा दर ८.६ टक्के. पाच वर्षांची मुदत २०२५ च्या फेब्रुवारीत संपली, तोपर्यंत मर्यादा ३० लाख झाली होती आणि दर ८.२ टक्के होता. म्हणजे त्या १५ लाखांतून मी १० लाख गाडीसाठी काढले असते, तर वर्षाला ८२,००० रुपयांचे, तिमाहीला २०,५०० रुपयांचे उत्पन्न कायमचे गेले असते. गाडीची खरी किंमत निवृत्त माणसाने अशी मोजावी. विक्रेता सांगतो तो आकडा एकदाच द्यावा लागतो. व्याजाचा आकडा दर तिमाहीला, पोस्टातून परत येताना जाणवतो.

कर्जाचीही चौकशी केली. बँकेच्या तरुण अधिकाऱ्याने माझे वय ऐकून कर्जाची मुदत इतकी आखूड केली की हप्ता माझ्या तिमाही व्याजाच्या जवळपास गेला. दोष त्याचा नाही. आपण एखाद्या रुग्णाला शस्त्रक्रियेस अयोग्य ठरवितो तेव्हा याच मुद्रेने बोलत असतो. मुदत ठेव तारण ठेवून ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त व्याजाने कर्ज मिळते, तो मार्ग वाहनकर्जापेक्षा मला सुसह्य वाटला. विजेच्या वाहनाच्या कर्जावरील दीड लाखापर्यंतच्या व्याजाला आयकरात जी वजावट होती ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. कोणी विक्रेता आजही ती सांगत असेल तर त्याचे ऐकू नये.

बॅटरी भाड्याने घेण्याची पद्धतही निघाली आहे. २०२४ च्या सप्टेंबरात एमजी विंडसर ही गाडी ९ लाख ९९ हजारांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये अशा पद्धतीने बाजारात आली. बॅटरीसह तिची किंमत साडेतेरा लाख होती. कल्पना चतुर आहे. पण माझ्या १८,७०० किलोमीटरांना हे भाडे वर्षाला ६५ हजारांवर जाते आणि वाचलेल्या साडेतीन लाखांचे व्याज २८,७०० रुपयेच येते. कमी फिरणाऱ्यास ते स्वस्त पडेल म्हणावे, तर काही वित्तसंस्था दरमहा किमान किलोमीटरांची अट घालतात. मी तो मार्ग सोडला.

मुलगा पुण्यात नोकरीस आहे. त्याने फोनवर सांगितले, "बाबा, ठेव मोडू नका. गाडीचे सगळे पैसे मी पाठवतो." मुलाने देणे आणि बापाने घेणे यात गैर काही नाही, हे मी अनेक रुग्णांच्या नातेवाइकांना समजावून सांगितले आहे; स्वतःवर वेळ आली तेव्हा ते तितके सोपे वाटले नाही. पत्नीने मार्ग काढला. ती म्हणाली, "अहो, साध्या गाडीइतके तुम्ही द्या. विजेमुळे जे जास्त पडते ते त्याला देऊ द्या, आणि पेट्रोलचे वाचतील ते त्याला महिन्याच्या महिन्याला परत करा." माझ्या कुटुंबाचा अर्थमंत्री कोण, याविषयी माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. सात लाखांच्या वर थोडे मी दिले, तीन लाख त्याने दिले, आणि दर महिन्याच्या पाच तारखेस साडेसात हजार रुपये नातीच्या खात्यावर जातात. चाळीस महिन्यांत फेड होईल. व्याज माफ आहे. नातीला त्याची कल्पना नाही.

आता आकडे. २४ युनिटांच्या बॅटरीवर आमच्या रस्त्यांवर, बेताच्या वेगाने, दोनशे किलोमीटरांच्या आसपास गाडी जाते. कंपनीच्या पत्रकातला आकडा याहून बराच मोठा असतो आणि तो प्रयोगशाळेतला असतो. भरताना वाया जाणारी वीज धरली तर घरच्या मीटरवरील एका युनिटात सुमारे सात किलोमीटर होतात. घरगुती विजेचा वरच्या टप्प्याचा साडेनऊ रुपयांचा दर धरला तरी आदिलाबादची एक फेरी १७ युनिटांत, १६० रुपयांत होते. तेच अंतर पेट्रोलच्या गाडीने, लिटरला १७ किलोमीटर आणि १०८ रुपये या हिशेबाने, साडेसातशे रुपयांचे. फेरीमागे ५९० रुपये, वर्षाला ९२,००० रुपये वाचतात. मी घेतली तेव्हा त्याच आकाराच्या, क्लच नसलेल्या पेट्रोलच्या गाडीशी किमतीतला फरक चार लाखांचा होता; पण तेलंगण सरकारने १८ नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत विजेच्या गाड्यांचा रस्ताकर व नोंदणीशुल्क पूर्ण माफ केले, त्यामुळे तो तीन लाखांवर आला. तीन लाखांचे व्याज २४,६००. ते वजा जाता वर्षाला ६७,४०० रुपये उरतात, म्हणजे साडेचार वर्षांत जादा रक्कम वसूल.

हाच हिशेब माझ्या एका मित्राला करून दिला. ते आठवड्यातून एकदा मंदिरात, महिन्यातून एकदा निर्मलला लेकीकडे जातात. वर्षाचे किलोमीटर पाच हजारांपलीकडे नाहीत. किलोमीटरला ४ रुपये ९० पैसे या दराने त्यांची बचत २४,५०० रुपये. व्याज जाते २४,६००. शंभर रुपये तोटा! करमाफीची मुदत संपल्यावर फरक पुन्हा चार लाख झाला, तर नुसते व्याज भागविण्यासाठीच ६,७०० किलोमीटर फिरावे लागेल. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो २०१९ च्या ऑगस्टपासून ५ टक्केच होता आणि तसाच राहिला. अर्थात पेट्रोलच्या बाजूने पारडे आणखी झुकले. मित्रांना मी सांगितले, जुनी गाडी धडधाकट आहे, तीच चालवा. त्यांना ते आवडले नाही. हिरव्या पाटीवर त्यांचा जीव जडला होता. पैसा आपला असेल तर हौसेलाही मान द्यावा, पण तिला बचत म्हणू नये.

किनवटच्या मेहुण्यांनी गाडी महाराष्ट्रात नोंदवावी असे सुचविले होते. राहणार बोथला, गाडी नोंदविणार नांदेडला, हा उद्योग उतारवयात करू नये. विम्यात तृतीय पक्षाच्या हप्त्यावर विजेच्या गाड्यांना २०२२ पासून १५ टक्के सूट आहे. मात्र गाडीची किंमत जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वाढतो आणि दोहोंची वजाबाकी आपल्या बाजूने येत नाही.

बॅटरीविषयी सर्वांत जास्त विचारणा होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. या बाबतीत लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी अधिक सोशीक. टाटांच्या टियागो व नेक्सॉनमध्ये तीच आहे. तिच्या शोधाची कथा निवृत्तांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांनी पाढी आणि नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसह हे संशोधन प्रसिद्ध केले, तेव्हा गुडइनफ पंचाहत्तरीला आले होते. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना ९७ व्या वर्षी, व्हिटिंगहॅम व योशिनो यांच्यासह मिळाले. या बॅटरीचा एक स्वभाव आहे : तिचा विद्युतदाब बराच काळ एकसारखा राहत असल्याने किती शिल्लक आहे याचा अंदाज गाडीच्या संगणकाला अवघड जातो, म्हणून मधून मधून ती पूर्ण भरावी लागते. मी रविवारी भरतो. हमी आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरांची आहे. माझ्या फिरण्याने किलोमीटर आठ वर्षांत संपणार नाहीत, वर्षे संपतील. त्या वेळी मी ७६ वर्षांचा असेन. पुढे नवी बॅटरी घ्यावी लागली तर? २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरांवर असलेली जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये ११५ डॉलरांपर्यंत खाली आली होती. दुकानातला भाव याहून चढा असतो, तरी दिशा आपल्या सोयीची आहे.

घरी वीज भरणे हा भाग गाडीपेक्षा घराचा आहे. मंजूर भार वाढवून घेतला, मीटरपासून गाडीपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र तार ओढली, तिला वेगळा एमसीबी आणि गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच बसविला. गाडीला पहिल्या दिवशी वीज लावली तर दिवा लाल. चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर काम नाकारतो. भिंत उकरून पाहिले, तर घर बांधताना कोणा कारागिराने अर्थिंगची तार न्यूट्रललाच जोडून ठेवलेली. वीस वर्षे त्या घरात आम्ही फ्रीज आणि धुलाईयंत्र ओल्या हातांनी वापरीत होतो! नवा खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ, असा सगळा विधी झाला. ज्यांना विजेची गाडी घ्यावयाची नाही त्यांनीही अर्थिंग तेवढे तपासून घ्यावे.

एक नियम मी कडकपणे पाळतो. आदिलाबादहून परतल्याबरोबर, पत्नीला आत नेऊन निजविले की पहिले काम गाडीला वीज लावणे. रात्रीची वाट पाहावयाची नाही. परतताना बॅटरीत तिसरा हिस्सा, उन्हाळ्यात वातानुकूलनामुळे चौथा हिस्सा उरतो. २०२५ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी साडेआठला वावटळ आली, खांब पडले आणि दोन रात्री वीज आली नाही. गाडी चारपासून जोडलेली होती. ८० टक्क्यांवर थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्यावर निघालो, वेग पन्नासवर ठेवला आणि परत आलो तेव्हा गावात दिवे लागलेले होते. ते दोन दिवस पेट्रोल पंपाशेजारून जाताना मी त्याकडे थोड्या आदराने पाहत होतो, हे नमूद करतो.

पत्नीच्या दृष्टीने गाडीचा गुण वेगळाच निघाला. इंजिनाची थरथर नाही, धुराचा वास नाही, गिअर बदलतानाचा हिसका नाही; डायलिसिसनंतरची मळमळ परतीच्या वाटेवर पुष्कळ कमी झाली. वेग कमी होताना वीज परत बॅटरीत जाते, त्या वेळचा ओढा मात्र तिला सोसत नाही, म्हणून ती सोय मी सर्वांत सौम्य ठेवली आहे. थोडी वीज गमावतो. आणि मे महिन्याच्या दुपारी ती आत असताना चार तास मी गाडीत, इंजिन न चालविता, गारव्यात वाचीत बसू शकतो. पेट्रोलच्या गाडीत हे धोक्याचे ठरले असते.

वयस्क चालकांसाठी दोन इशारे. या गाड्या पाय ठेवताक्षणी उसळतात. ब्रेक समजून चुकीच्या पट्टीवर पाय पडला तर विचार करावयास वेळ मिळत नाही. आणि आवाज नसल्याने बाजाराच्या दिवशी माणसे व गुरे बाजूला होत नाहीत. आमच्याकडचा बैल तर हॉर्नलाही जुमानीत नाही. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी ही गाडी चालवावी का, असे रुग्ण विचारतात. म्युनिकमध्ये २०१८ साली १०८ रुग्णांवर चार निरनिराळ्या गाड्यांत केलेल्या पाहणीत उपकरणांत एकही बिघाड आढळला नाही. वेगवान चार्जरवर १३० रुग्णांची तशीच पाहणी २०२३ मध्ये झाली, तीही निर्दोष निघाली. हे आपण त्यांना निःशंकपणे सांगावे.

गाडी हवा स्वच्छ करते, असे मी कोणास सांगत नाही. आमच्या जुन्या जिल्ह्यातच, जयपूर येथे, सिंगरेणीचे १२०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. आमच्या तारांतली वीज बहुतांशी कोळशाची. धूर बोथच्या रस्त्यावर होत नाही, तो तिकडे होतो. म्हणून छतावर तीन किलोवॅटचे सौर संच बसविण्याचे घाटते आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे आणि दिवसाला सरासरी बारा युनिटे मिळतील. गाडीला त्यातली सात-आठ लागतात. दिवसाची वीज जाळ्यात देऊन रात्री परत घेण्याचा मीटर बसला की काम होईल. अर्ज केला आहे.

राहिला चालक. पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांनी वाढवावा लागतो आणि त्यासाठी फॉर्म १-अ वर डॉक्टरची सही लागते. आयुष्यभर मी असे शेकडो फॉर्म तपासून सह्या केल्या. माझ्या फॉर्मवर मात्र तरुण सहकाऱ्याने मला रीतसर अक्षरांच्या तक्त्यापुढे उभे केले आणि उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून घेतल्याखेरीज सही करणार नाही, असे नम्रपणे सांगितले. शस्त्रक्रिया गेल्या महिन्यात झाली. ते तीन आठवडे पुतण्याने गाडी चालविली आणि त्या निमित्ताने आदिलाबादच्या वाटेवर दुसरा चालक तयार झाला. मंगळवार आता त्याच्याकडेच राहील, असे पत्नीने ठरविले आहे.